नाव कुणाच्या नावावर?

सकाळी ७

तिलकनगरच्या कोपऱ्यावरचा पोह्यांचा ठेला सकाळी सातला ऐन भरात असतो. खाली उकळत्या पाण्याचं पातेलं, वाफेवर पोहे, पोह्यांवर शेव आणि कांदा, आणि सगळ्यात शेवटी जिरावण या मसाल्याची चिमूट. आज माझं लक्ष त्या जिरावणाच्या डब्याकडे आहे. डब्यावर काही लिहिलेलं नाही. "कुठून आणता?" विचारलं तर ठेलेवाला म्हणतो, "घर का है, मॅडम."

इंदुरात चांगल्या जिरावणाचा पत्ता बहुधा एवढाच असतो. साडेअकराला माझ्याकडे ज्या काकू येणार आहेत त्यांचंही तसंच. लोकमान्यनगरातल्या आपल्या स्वयंपाकघरात त्या कित्येक वर्षं जिरावण, गोडा मसाला आणि मेतकूट करून विकतात. साधी पिशवी, वर रबर. सुट्टी संपवून पुण्याला परतणारे पाहुणे नेतात, परदेशी लेकीकडे निघालेल्या आज्या बॅगेत दोन दोन किलो कोंबतात. आता मुलगा आणि सून म्हणतात, रीतसर धंदा करू. त्यासाठी नाव हवं. मी ट्रेडमार्कची वकील. नाव सुचवणं हे माझं काम नव्हे, पण सुचलेलं नाव टिकेल का आणि कुणाचं होईल, हे मला सांगावं लागतं.

सकाळी ८:३०

ऑफिस आर. एन. टी. मार्गावर. जाताना छप्पन दुकानावरून जाते. पाट्या वाचायची सवय इतकी लागली आहे की बाजूला कोण चालवतंय याकडे लक्ष ठेवायला स्वतःला बजावावं लागतं.

या शहरातली खाण्याची गाजलेली नावं पाहा. छप्पन दुकान ही तिथल्या दुकानांची मोजणी. राजवाड्याकडे 'लाल बाल्टी'वाल्यांची कचोरी, ती बादलीवरून ओळखली जाते. जॉनी हॉट डॉगमध्ये जे मिळतं त्याचा अमेरिकेतल्या हॉट डॉगशी संबंध नाही, तरी अख्खं इंदूर तिथे तेच मागतं. आणि 'अग्रवाल ४२०' पापड. दंड संहितेतलं फसवणुकीचं कलम पापडाच्या पाकिटावर! १ जुलै २०२४ ला ती दंड संहिता गेली, न्याय संहितेत फसवणूक ३१८ व्या कलमात जाऊन बसली. पापड ४२० च आहेत, आणि वाण्याकडे कुणी बिचकत नाही.

अशी नावं वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकीनं पक्की झाली. आज धंदा सुरू करणाऱ्याला तेवढी सवड कुठली? अन्नसुरक्षेची नोंदणी, पाकिटाची छपाई, पैसे घेताना क्यूआर कोडवर दिसणारं नाव, इन्स्टाग्रामचं पान, जमल्यास संकेतस्थळ: पहिली पिशवी विकण्याआधीच नाव इतक्या ठिकाणी लिहून द्यावं लागतं. मग सहा महिन्यांनी वकिलाची नोटीस आली की ते इतक्याच ठिकाणांहून पुसावं लागतं. पुसण्याचा खर्च छोट्या माणसाला झेपत नाही, म्हणून मला ही माणसं छपाईच्या आधी भेटावीत असं फार वाटतं. काकूंचा मुलगा छपाईच्या आधी आला, याचा मला मनापासून आनंद आहे.

सकाळी १०:३०

ट्रेडमार्कची कार्यालयं देशात पाच: मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, अहमदाबाद. मध्य प्रदेश मुंबईच्या हद्दीत येतो. आता सुनावणी व्हिडिओवर होते.

आजची सुनावणी घाणीच्या तेलवाल्यांची. त्यांच्या नावात 'शुद्ध' आहे आणि १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं नववं कलम आडवं आलं आहे. मालाची जात, गुण, उपयोग किंवा गाव सांगणारा शब्द एकट्याला देता येत नाही, कारण तो सगळ्यांच्या वापराचा आहे. सुटकेची वाट एकच: वापर इतका जुना आणि इतका ठळक की लोकांना तो शब्द ऐकून हेच दुकान आठवावं. त्यासाठी बिलं लागतात, जाहिराती लागतात, सालवार विक्री लागते. आम्ही जे होतं ते दाखवलं. आदेश राखून ठेवला आहे.

हे तेलवाले दुसऱ्याही पेचात आहेत. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबद्दल २०१८ चे नियम आहेत. ब्रँडच्या नावातच 'शुद्ध', 'ताजं', 'पारंपरिक', 'अस्सल' अशा अर्थाचा शब्द असून तो दिशाभूल करण्यासारखा असेल, तर पाकिटावर किमान तीन मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत छापावं लागतं की हे केवळ नाव आहे, मालाचं खरं स्वरूप दाखवत नाही. मोठ्या अक्षरांत शुद्ध म्हणायचं आणि खाली ते मागे घ्यायचं. ज्याचा माल खरोखर चांगला आहे त्यानं ही ओळ स्वतःवर का ओढवून घ्यावी? नव्या माणसाला मी पहिल्याच भेटीत सांगते, गुण पाकिटाच्या आत राहू दे.

सकाळी ११:३०

काकू, मुलगा आणि सून. काकूंच्या हातात शाळेच्या वहीसारखी वही. तिच्यात पुढून हिशेब आणि मागून नावं. मुलाची यादी फोनवर.

पहिलं नाव काकूंचं: 'मालवी जिरावण'. त्यांना ते रास्त वाटतं, कारण लग्न होऊन आल्यावर शेजारच्या मालवी बाईंकडून त्या जिरावण शिकल्या आणि नंतर काळं मीठ, जिरं, बडीशेप, सुंठ यांचं प्रमाण आपल्या चवीनं बसवलं. पण जिरावण हे मालाचं नाव, मालवा हा प्रांत. दोन्ही सगळ्यांचे. 'इंदूरी' शब्दाचंही तेच. रतलामकडे बोट दाखवून मुलगा विचारतो, मग 'रतलामी शेव' कसं? तो भौगोलिक निर्देशांक, त्याची नोंदणी वेगळ्या कायद्याखाली होते आणि तो एका दुकानाचा नसतो, त्या भागातल्या सगळ्या बनवणाऱ्यांचा असतो.

मग देव. वहीत 'श्री गजानन', 'अन्नपूर्णा' आणि 'कृष्णाई' आहेत. धंदा सुरू करणारं मराठी घर देवापासूनच सुरुवात करतं आणि मला ते आवडतं. पण कायद्याचा अनुभव सांगते. 'रामायण' हे नाव उदबत्तीसाठी एकट्याचं करण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१५ मध्ये न्यायालयानं सांगितलं की धर्मग्रंथाच्या अशा नावावर कुणाची मक्तेदारी होऊ शकत नाही. दूध-तुपाच्या धंद्यातल्या 'कृष्णा' नावाचा तंटा दिल्ली उच्च न्यायालयात चालला, तिथेही तोच धडा: देवाचं नाव ठेवा, पण शेजाऱ्यानंही ठेवलं तर अडवता येईलच असं धरून चालू नका. माझ्या मनात याहून साधी गोष्ट असते. या शहरात रोज सकाळी कचरागाडी दारात येते आणि ओला-सुका वेगळा करून आपण तिच्यात टाकतो. मसाल्याचं रिकामं पाकीट सुक्यात जातं. त्यावर गजानन असावेत का? काकू लगेच वहीतली ती ओळ खोडतात. अहिल्याबाईंचं नावही त्या स्वतःच खोडतात. विमानतळ, विद्यापीठ त्यांच्या नावाचं आहे, तेवढं शोभतं, असं त्यांचं म्हणणं. मला काही बोलावं लागत नाही.

मुलाला धक्का देणारं नाव हवंय. त्याच्यासमोर 'चाय सुट्टा बार' आहे. २०१६ मध्ये इंदुरात सुरू झालेला, कुल्हडातला चहा विकणारा धंदा. नावात सुट्टा असून आत धूम्रपानाला मनाई. नाव ऐकून माणूस थबकतो, विचारतो, आत शिरतो. पण ते नाव ज्या गिऱ्हाइकासाठी ठेवलं तो वसतिगृहात राहणारा, मित्रांना घेऊन चहाला बाहेर पडणारा तरुण. काकूंचं गिऱ्हाईक वरणाला फोडणी देताना डबा उघडतं. त्याला थबकवून काय मिळेल? मुलगा विचारात पडतो. तो हुशार आहे, आईच्या मालाबद्दल त्याला अभिमान आहे, म्हणूनच तो घाई करतोय.

आता मला बोलायला सोपं जातं, कारण उदाहरणं आपल्याच घरांतली आहेत. पेंढरकरांनी १९५२ मध्ये विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी काढली, तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचं 'विको' झालं. दांडेकर बंधू १९३१ मध्ये 'हॉर्स ब्रँड' शाईच्या पुड्या आणि गोळ्या विकत. पुढे 'कॅमल इंक' आली आणि त्या दोन शब्दांतून 'कॅम्लिन'. गुजरातेत करसनभाई पटेलांनी मुलीच्या, निरुपमाच्या, नावावरून 'निरमा' केलं. आणि परदेशी जॉर्ज ईस्टमननं १८८८ मध्ये 'कोडॅक' हा शब्द अर्थाशिवायच घडवला, कारण त्याला क अक्षर आवडायचं आणि कुठल्याही भाषेत सहज उच्चारता येईल, दुसऱ्या कशाशी घोटाळा होणार नाही असा शब्द हवा होता. या सगळ्या शब्दांत एक गोष्ट सारखी आहे: दंतमंजन, शाई, धुण्याची पावडर किंवा कॅमेरा ऐकणाऱ्याला त्या शब्दात आधी दिसत नव्हता. मालानं तो भरला. कायद्याला असा शब्द सगळ्यात जवळचा वाटतो, कारण तो घेतल्यानं दुसऱ्या कुणाचं काही हिरावलं जात नाही.

नेमका तेव्हाच धारहून काकूंच्या बहिणीचा फोन येतो. काकूंना ऐकायला कमी येतं, फोन नेहमी स्पीकरवर. बहीण माहेरच्या नावानं हाक मारते. तीन अक्षरी, लाडाचं, हिंदीत किंवा मराठीत मसाल्याशी काडीचा संबंध नसलेलं. फोन संपल्यावर सून म्हणते, "आई, हेच ठेवायचं."

काकू लाजतात. "ते काय नाव आहे? घरातलं आहे ते."

"म्हणूनच," सून म्हणते.

ते नाव मी इथे लिहीत नाही. पाकीट बाजारात येईपर्यंत ते त्यांच्या घराचं आहे.

दुपारी १:१५

शोध. ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट करता येतो, आणि प्रत्येकानं करावा. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. मसाले, चहा, शेव, पापड तिसाव्या वर्गात, लोणचं एकोणतिसाव्या वर्गात, उपाहारगृह त्रेचाळिसाव्यात. काकू लोणचं घालतात, पण विकत नाहीत, म्हणून आज एकच वर्ग.

मी आधी शब्द जसाच्या तसा बघते, मग सुरुवातीची अक्षरं, मग उच्चाराचा शोध. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. १९६२ मध्ये 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांच्या नावांचा खटला सर्वोच्च न्यायालयानं ऐकला, तेव्हा घालून दिलेली कसोटी आम्ही आजही लावतो. साधं गिऱ्हाईक दोन बाटल्या शेजारी ठेवून तुलना करत नाही. त्याच्याजवळ असते ती अर्धवट आठवण. घाईत, गर्दीत, कानावर पडलेल्या आवाजावरून तो माल मागतो.

दुसऱ्या बाजूनं, एखादा तुकडा सारखा निघाला म्हणून घाबरायचंही नसतं. याचं ताजं उदाहरण आमच्या इंदूरचंच. 'ब्लेंडर्स प्राइड' बनवणाऱ्या पर्नो रिकार कंपनीनं इथल्या एका 'लंडन प्राइड' विकणाऱ्यावर दावा केला. इंदूरच्या वाणिज्य न्यायालयानं मनाई हुकूम नाकारला, उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं तेच कायम केलं आणि १४ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीचं अपील फेटाळलं. 'प्राइड' हा शब्द त्या व्यवसायात अनेकांच्या वापराचा, तेवढा एक तुकडा वेगळा काढून त्यावर हक्क सांगता येत नाही, नाव अख्खं बघायचं. दारूचा खटला असला तरी मसाल्याच्या दुकानालाही तो लागू आहे. म्हणून 'मसाला', 'स्वाद', 'किचन' असल्या शेपटांकडे मी बघत नाही, पुढचा शब्द बघते.

मुलानं आणखी दोन नावं राखून ठेवली आहेत: त्यानं कुटुंबाच्या आद्याक्षरांतून घडवलेलं एक, आणि 'परिमळ'. तिन्ही तपासते. 'परिमळ' मला ऐकायला फार गोड वाटतं. पण हा शब्द इतका जुना आणि इतक्या जणांच्या आवडीचा आहे की तो घेऊन रिकामी जागा मिळेल अशी मला आशा वाटत नाही. काकूंच्या लाडक्या नावाजवळ जाणारं तिसाव्या वर्गात मला काही आढळत नाही.

चौदावं कलमही बघून ठेवते. हयात माणसाशी नातं सुचवणारं नाव असेल तर निबंधक त्या माणसाची लेखी संमती मागू शकतात. संमती देणारी बाई समोरच आहे.

दुपारी ३:३०

सून आणि मी सियागंजात. इंदूरचा किराण्याचा घाऊक बाजार. धणे, मिरची, हळद, काळं मीठ, हिंग यांचा एकत्र वास आणि हातगाड्या, टेम्पो, पोती. माझ्या टेबलावर सगळी नावं चांगली दिसतात. इथे ती ऐकून बघायची. या भागातल्या दुकानातून काकू वर्षानुवर्षं जिरं-धणे नेतात, त्यामुळे शेटजी ओळखीचे.

सून सांगते, "भैया, ये तीन नाम लिख दीजिए, पर्ची पर." मध्ये दोन हमाल ओरडतात, फोन वाजतो. असंच हवं होतं.

'परिमळ' त्यांनी 'परिमल' असं लिहिलं. मालवी बोलीत ळ आहे, मालवी माणूस तो सहज बोलतो. पण बाजाराची लिहायची भाषा हिंदी, तिथे तो ल होतो. पाकिटावर ळ आणि वाण्याच्या यादीत ल, म्हणजे रोजची दुरुस्ती. आद्याक्षरांचं नाव त्यांनी दोनदा विचारलं आणि तरी वेगळंच लिहिलं. काकूंचं नाव एका दमात, बरोबर. मान वर करून विचारलं, "ये तो किसी बच्ची का नाम है क्या?"

सून म्हणाली, "हमारी सासूजी का."

शेटजींनी चिठ्ठी परत घेतली, पुन्हा वाचली आणि म्हणाले, "तो फिर माल मेरे यहाँ भी रखना." सुनेनं तिथल्या तिथे भाव काढायला घेतला. पुढची वीस मिनिटं मी काळ्या मिठाच्या पोत्यावर बसून त्या दोघांची घासाघीस ऐकली. धंदा कोण चालवणार याचं उत्तर मला तिथे मिळालं.

संध्याकाळी ५:१५

आजच्या दिवसातला सगळ्यात अवघड तास हा. सगळे पुन्हा ऑफिसात. नाव ठरलं म्हणून मुलगा पेढे घेऊन आला आहे. मी अर्ज उघडते, टीएम-ए नावाचा. पहिलाच रकाना: अर्जदार, म्हणजे या नावाचा मालक.

"माझं टाका ना ताई," मुलगा सहज म्हणतो. "जीएसटी, उद्यम, बँकेचं खातं, सगळं माझ्या नावावर काढतोय. एकसारखं राहील."

त्याच्या मनात काही वाईट नाही. बहुतेक घरांत असंच होतं, ज्याला ऑनलाइन फॉर्म भरता येतो त्याच्या नावावर सगळं जातं. म्हणूनच मी पेन खाली ठेवून बोलते.

ट्रेडमार्क ही मालमत्ता आहे. घर, शेत यांसारखीच ती विकता येते, वारसाला देता येते. कढई, मिक्सर, पाकिटं आज ना उद्या झिजतील; दहा वर्षांनी या धंद्यात किमतीचं जे उरेल ते हे तीन अक्षरी नाव. त्याचं मूल्य कोण घालणार? काकूंचा हात आणि सुनेची फिरती. मग मालक दुसराच का?

हल्दीराम घराण्याचं सांगते. बिकानेरच्या एका भुजियावाल्याच्या नावावर पुढच्या पिढ्यांनी दिल्ली, नागपूर, कोलकाता असे मोठमोठे धंदे उभारले. आणि त्याच नावाचा कुठे कुणाला हक्क यावरून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नातलगच दिल्लीच्या न्यायालयात समोरासमोर आले. त्यातल्या एका मुद्द्यावर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. उलट किर्लोस्करांनी आपलं नाव 'किर्लोस्कर प्रोप्रायटरी' या वेगळ्या कंपनीच्या मालकीचं ठेवलं आणि धंदा करणाऱ्या कंपन्या ते परवान्यानं वापरू लागल्या. मोठ्यांची गोष्ट राहू दे. माझ्याच टेबलावर दोन सख्खे भाऊ बसलेले मी पाहिले आहेत, एकाच्या नावावर नोंदणी, दुसऱ्याच्या हाताला तेलाचे चटके. धाकट्याला शेवटी स्वतःच्या शेवेला दुसरं नाव शोधावं लागलं. कागद नियमानुसार होता. त्या दिवशी मी काही करू शकले नाही, पण आज इथे करू शकते.

मुलगा ऐकतो. मग विचारतो, "पण मग धंदा माझ्या फर्मचा आणि नाव आईचं, हे चालतं?"

चालतं. काकू मालक, फर्म परवान्यानं वापरणारी. दोन पानांचा करार, त्यात मालाचा दर्जा कोण तपासणार हे लिहायचं. म्हणजे जिरावणाचं प्रमाण बदलायचं तर काकूंना विचारावं लागेल. खर्चातही फरक नाही: ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे ४,५०० रुपये, एकट्या व्यक्तीला तेवढेच, छोट्या उद्योगाला तेवढेच. बाकीच्यांना ९,०००.

काकू इतका वेळ गप्प होत्या. मला वाटलं, त्या म्हणतील, करा तुम्हाला हवं तसं. त्यांनी वही उघडली. पुढची बाजू, हिशेबाची. बोट लावून एकेक वर्ष दाखवत गेल्या: किती किलो, कुणाला, काय भावानं. एका वर्षाच्या पानावर मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीची रक्कम होती, मसाल्याच्या पैशातून गेलेली. मुलगा ते पान बराच वेळ बघत राहिला. त्याला ते माहीत नव्हतं.

"माझं नाव आहे, माझ्या नावावर राहू दे," काकू म्हणाल्या. "माझ्यानंतर दोघांचं. निम्मं निम्मं. सुनेचंसुद्धा. तेही लिहून ठेव."

तेही लिहून ठेवायचं तर मृत्युपत्र, आणि ते वेगळं काम. पुढच्या आठवड्यात घेऊ म्हटलं. मुलानंच अर्जात आईचं आधारवरचं पूर्ण नाव एकेक अक्षर तपासून सांगितलं.

संध्याकाळी ६:४५

बाकीचे रकाने भराभर होतात. शब्द म्हणून अर्ज, नक्षीशिवाय. पाकिटाचं चित्र उद्या बदललं तरी शब्दाला धक्का नको. माल: मसाले, जिरावण, गोडा मसाला, मेतकूट. वापर कधीपासून, या रकान्यात मुलगा काकूंची सगळी वर्षं घालायला निघाला होता. पण त्या वर्षांत पिशवीवर हे नाव नव्हतं. वापर सांगितला तर शपथपत्र आणि पुरावा द्यावा लागतो, आणि खोटी तारीख पुढे अख्ख्या नोंदणीला बुडवते. 'वापरण्याचा मानस' एवढंच लिहिलं.

पैसे भरले, अर्ज क्रमांक मिळाला. आता काय होईल ते समजावते. तपासणी अहवाल येईल. हरकत असली तर उत्तराला एक महिना. मंजूर झालं की नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येईल आणि चार महिने कुणालाही विरोध करता येईल. कुणी आलं नाही तर नोंदणी, आजच्या तारखेपासून दहा वर्षं, पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण. तोवर नावाच्या डोक्यावर 'टीएम' छापायला हरकत नाही. गोलातला 'आर' मात्र नोंदणीआधी छापणं कायद्यानं मना आहे, आणि छपाईवाले तो न विचारता घालतात, तेवढं डोळ्यांत तेल घालून बघा.

मुलाला कंपनीच करायची हौस होती. ती करायची तेव्हा कंपनीचं नाव वेगळ्या अर्जानं, कंपनी मंत्रालयाकडे, राखून ठेवावं लागेल. तिथे नाव मिळालं म्हणजे बाजारात ते आपलं झालं, असा समज असलेली माणसं मला दर महिन्याला भेटतात. तो समज मी त्याच्या मनात राहू दिला नाही.

रात्री ८:१५

सोमवार म्हणजे जर्नलचा दिवस. देशभरात स्वीकारलेली नावं दर सोमवारी छापून येतात, हजारो पानं. मी फक्त माझ्या पक्षकारांचे वर्ग वाचते. आज पंचविसाव्या वर्गात, कपड्यांत, एक नाव माझ्या एका पक्षकाराच्या नावाच्या फार जवळ आलं आहे. चार महिन्यांची मुदत आजपासून मोजायची. फाईल काढून ठेवते.

तेवढ्यात मुलाचा फोन. छपाईवाला म्हणतोय पाच हजार पाकिटं एकदम घेतली तर स्वस्त पडतील. मी म्हणते, पाचशे घ्या. तपासणी अहवाल येऊ दे, अन्नसुरक्षेचा चौदा आकडी क्रमांक हातात येऊ दे, वजन आणि भावाच्या ओळी एकदा नियमाप्रमाणे बसल्या की मग पाच हजार. महाग पडलं तरी चालेल.

मागून काकूंचा आवाज येतो, फोन स्पीकरवरच आहे. पाकिटाच्या मागे काय छापायचं ते त्या सांगताहेत: वापरायची पद्धत हिंदीत आणि मराठीत दोन्हीत, आणि मेतकुटाच्या पाकिटावर "तूप-भाताबरोबर" हे शब्द हवेतच, कारण इथल्या नव्या सुनांना ते माहीत नसतं. "आणि मिरची वेगळी," त्या म्हणतात, "जिरावणात मिरची जास्त घालायची नाही, ते करारात घाल."

करारात घालते. सूनबाईंना सकाळी दहाला बोलावलं आहे.